सातव्या धड्यातला पेशंट

...नाही, पण हसायचं काय कारण, मी म्हणतो? माझे वडील पलंगावर आडवे, तोंड एवढंसं झालेलं, एक हात पोटावर, आणि ते सांगतायत की डॉक्टर, माझ्या पोटात दुखतं... आणि समोरचा डॉक्टर हसतोय! बरं, कुत्सित वगैरे नाही हं. चांगला मनापासून, लग्नात जुना मित्र भेटावा तसा खुलून हसतोय, आणि दारावरून जाणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला हाका मारतोय, ये ये, लवकर ये, सातवा धडा! तो दुसरा आला, त्याने ऐकलं, तोही खूश. मग तिसरी आली. तुम्हाला सांगतो, माझ्या वडिलांच्या पोटदुखीने त्या वॉर्डात एवढा आनंदीआनंद झाला की सिस्टर येऊन विचारून गेल्या, कोणाला मुलगा झाला का म्हणून. मला राग यायला हवा होता. नाही आला. हल्ली काही येतच नाही. मी आपला स्टुलावर बसून होतो. माझं काही म्हणणं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सातवा धडा काय प्रकार आहे. सांगतो. मी मेडिकल कॉलेजात शिकवतो. नाही नाही, डॉक्टर नाही, लगेच कोणी आऽ करून घसा दाखवू नका. मी भाषा शिकवतो. बाहेरच्या देशांतून मुलं येतात डॉक्टर व्हायला, हुशार, कष्टाळू, अंगातली झाडून सगळी हाडं तोंडपाठ. पण पेशंट आपला ना? तो आपल्याच भाषेत कण्हणार! तेव्हा ह्या मुलांना आपली भाषा यायला हवी, तीही दुखण्याखुपण्याची. त्यासाठी पुस्तक हवं, आणि असं पुस्तक बाजारात मिळत नाही, ते आम्ही करतो. करतो म्हणजे काय, तर दवाखान्यात जाऊन कोपऱ्यात बसायचं, पेशंट डॉक्टरला जे जे सांगतो ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, आणि मग ते मुलांना झेपेल इतकं सोपं करायचं. आमच्यात त्याला रूपांतर म्हणतात. माझी मोठी बहीण, ताई, ती त्याला तुझी काटछाट म्हणते.

एकदा एक बाई आल्या होत्या, पोटाचंच दुखणं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? बस्स, एवढंच विचारलं. त्या ज्या सुरू झाल्या... तसं काही नाही हो डॉक्टर, पण परवा सुनेची आई आली होती आणि मी आपली ओट्याशी उभी आणि असा आतून गोळा आला, कुठून उठला न् कुठे गेला कळलंच नाही, आणि तोंडाला पाणी सुटलं आणि जीव नुसता खालीवर, आणि म्हटलं सांगायचं कोणाला, आमच्या ह्यांना सांगावं तर हे म्हणतात तुझं नेहमीचंच, आणि खरंच नेहमीचंच असेल हो, पण नेहमीचं म्हणून दुखायचं थांबतं का... लिहून लिहून माझी बोटं वाकडी झाली. पण उतारा सोन्यासारखा! मी नाचत घेऊन गेलो समितीकडे.

समिती म्हणजे आमच्या विभागप्रमुख मॅडम आणि शरीरशास्त्राचे एक सर, त्यांना सगळं कॉलेज हाडंसर म्हणतं. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, हे वाक्य संपतं कुठे? तोडा. तोडलं. मग म्हणाल्या, सुनेची आई कशाला मध्ये, मुलं नात्यांत गोंधळतात. काढली. नवरा काढला. हाडंसर म्हणाले, गोळा म्हणजे नेमकं काय, असा अवयव शरीरात नाही. गोळा गेला. जीव खालीवर हे शास्त्रात बसत नाही म्हणाले. जीव गेला! मग मॅडम म्हणाल्या, दुखणं आपण तीनच प्रकारचं ठेवू, सौम्य, मध्यम, तीव्र, पाठ करायला बरं. आणि नातेवाईक तर कुठल्याच धड्यात नकोत, फार बोलतात. आणि शेवटी पेशंट बरा झालाच पाहिजे, कोवळी मुलं आहेत, उगाच धसका घेतील. झालं, बाई बऱ्या झाल्या. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पुस्तकात पुरुष पेशंट कमी पडतायत, तेव्हा बाईंचा पुरुष झाला. उरलं काय? डॉक्टर, माझ्या पोटात दुखतं. कधीपासून? कालपासून. दुखणं सौम्य आहे की तीव्र? सौम्य आहे. ही गोळी घ्या, चिंतेचं कारण नाही. धन्यवाद डॉक्टर, आता मला बरं वाटतं. संपला धडा! गोळी घशाखाली उतरायच्या आत माणूस बरा. मॅडम म्हणाल्या, बघा, किती स्वच्छ झाला. झाला होता खरा स्वच्छ. माझं काही म्हणणं नाही.

पण नुसतं वाचून भाषा येते थोडीच? कानावर पडायला लागते. म्हणून मग रेकॉर्डिंग. डॉक्टर मी झालो, पण पेशंट कोण होणार? हाडंसरांना विचारलं तर म्हणाले, मी आजारी माणसाचा आवाज काढला तर मुलं वर्गात मला काय समजतील? आणि आमचे वडील घरीच होते, निवृत्त. जन्म सगळा बसस्थानकावर घोषणा करण्यात गेला त्यांचा, अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे. आवाज असा खणखणीत की बाकावर झोपलेला प्रवासी पिशवीसकट ताडकन उभा राहायचा. म्हटलं, बाबा, याल का? एका पायावर तयार! इस्त्रीचा शर्ट घालून आले. आता रेकॉर्डिंगमध्ये इस्त्री कोणाला दिसणार, पण नाही, कामावर जायचं म्हणजे नीट जायचं. कॉलेजच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मध्ये, खिडकीला चादर बांधून आम्ही दोघं समोरासमोर बसलो, ऐकायला मॅडम. पहिलंच वाक्य त्यांनी असं म्हटलं की पोटदुखी फलाट क्रमांक तीनवर लागल्यासारखी वाटली. मॅडम खूश, म्हणाल्या, किती स्पष्ट! पण बाबा अडले. म्हणाले, अरे, दुखताना माणूस असा बोलत नाही, मध्ये जरा आई गं वगैरे म्हणू का? मॅडम म्हणाल्या, आई हा शब्द आठव्या धड्यात आहे.

मग सगळेच धडे त्यांनी केले. डोकेदुखीत पेशंट तेच, तापात तेच, मोडलेल्या हातात तेच. दरवर्षी नवी मुलं येतात, कानाला लावून बाबांना ऐकतात आणि त्यांच्यामागून म्हणतात, डॉक्टर, माझा हात मोडला आहे. कुठल्या कुठल्या देशांतली मुलं माझ्या बापाच्या आवाजात आजारी पडायला शिकली! आणि बाबा दर धड्याच्या शेवटी ठणठणीत.

खरोखरीचे आजारी पडले ते ह्या वर्षी. उन्हाळा संपता संपता जेवण तुटलं. दोन घास घ्यायचे आणि ताट सारायचं. पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं, मग अजून एक. विचारलं की, काही नाही रे, वयाचं असतं. शेवटी ताई आली, तिने पट्टा बघितला, बाबांना काही बोलली नाही, मला बोलली. जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं, आणि वॉर्डात डॉक्टर कोण, तर माझाच विद्यार्थी. उंच, शांत, पहिल्या बाकावर बसणारा, वर्षभरात एक दिवस गैरहजर नाही. तोच तो हसणारा.

मला एकच गोष्ट हवी होती हो. बाबांना नक्की काय झालंय ते कळायला. त्यासाठी बाबांनी खरं सांगायचं आणि त्याने ते समजून घ्यायचं, एवढंच, काही डोंगर उचलायचा नव्हता. हसणं आवरून त्याने विचारलं, कधीपासून? आणि आमचे बाबा, तुम्हाला सांगतो, पापणी न हलवता म्हणाले, कालपासून! मी स्टुलावरून उठलोच. म्हटलं, बाबा, कालपासून काय, उन्हाळ्यापासून चाललंय! बाबांनी माझी बाही धरून मला खाली ओढलं आणि कानाशी म्हणाले,

"हळू बोल. त्या पोराला कालपासूनच येतं. सिस्टरसमोर कशाला अडवतोस त्याला?"

मी परत स्टुलावर बसलो. त्याने पुढचा प्रश्न टाकला, दुखणं सौम्य आहे की तीव्र? हाताची मूठ पोटावर आवळलेली, कपाळावर घाम, आणि उत्तर काय, तर सौम्य आहे. तेही फलाटावरच्या आवाजात! दारात उभ्या दोघातिघांनी माना डोलावल्या, एकीने तर ओठांतल्या ओठांत बरोबर असं म्हटलं. मी म्हटलं, अरे ऐक, सौम्य नाहीये, पाठ टेकता येत नाही त्यांना, उशी पोटाशी धरून बसून असतात. तो माझ्याकडे अतिशय अदबीने बघत राहिला आणि म्हणाला, सर, माफ करा, आमच्या धड्यांत नातेवाईक नव्हता, मला त्याच्याशी बोलता येत नाही, आपण बाहेर थांबता का? बरोबरच होतं त्याचं. आम्हीच काढला होता. मी बाहेर जाऊन थांबलो. माझं काही म्हणणं नाही.

बाहेर ताई. तिने त्याला दारात गाठलं आणि जी सुटली... की अहो डॉक्टर, ते मुळात सांगणारच नाहीत, आई गेली तेव्हासुद्धा ताप अंगावर काढून कामावर गेले होते, आणि हल्ली जिना चढताना मध्ये थांबतात आणि आव आणतात की भिंतीचा रंग बघतोय, आणि अंगावरचे कपडे नुसते खुंटीला अडकवल्यासारखे दिसतात, आणि माझ्याकडे आले की ताटातलं हळूच नातवाच्या ताटात सरकवतात, तुम्हाला वाटतं मला दिसत नाही?... तो आपला मान हलवतोय, मान हलवतोय, आणि मध्येच त्याने काहीतरी टिपून घेतलं. मी वाकून बघितलं. एकच शब्द होता. जेवण.

तिथेच सगळं संपायचं होतं. गोळी लिहून द्यायची आणि घरी पाठवायचं, धडा तसाच आहे. त्याने लिहायला पेन काढलंसुद्धा. पण मुलगा शिकलेला होता हो, भाषा राहू द्या, बाकीचं नीट शिकलेला होता. आत जाऊन म्हणाला, एकदा पोट तपासतो. मी दारातून बघत होतो, बाबांनी शर्ट वर केला. त्याने बोटं ठेवली, दाबली, सरकवली, आणि एका जागी बोटं थांबली. आणि बाबा, त्यांना काय वाटलं कोण जाणे, बहुतेक धडा संपत आला असं वाटलं असावं, ते दात आवळून म्हणाले, धन्यवाद डॉक्टर, आता मला बरं वाटतं. कोणी हसलं नाही. त्याची बोटं तिथेच. दारातली ती मुलगी आत आली, तिनेही हात लावून बघितला, आणि दोघं स्वतःच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी बोलले. त्यांच्या भाषेतलं मला अक्षर कळत नाही. पण कळलं.

मग तपासण्या. हे मशीन, ते मशीन, उपाशी या, पाणी पिऊन या. बाबा सगळीकडे इस्त्रीच्या शर्टात. आणि जिथे जातील तिथे कोणी ना कोणी ओळखायचं त्यांना, आवाजावरून! एक जण हात दाखवत आला, म्हणाला, मोडलेला हात आता कसा आहे? बाबा म्हणाले, एकदम बरा. इतका मान त्यांना बसस्थानकावरसुद्धा मिळाला नव्हता. मी त्यांची फाइल काखेत मारून मागे मागे. रडू म्हणाल तर नाही. नुसतं बधिर. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालं होतं सगळं अंग, आपलंच आहे पण आपलं नाही.

आणि मग एका दुपारी तो आला. वॉर्डाबाहेर ती लांब ओसरी आहे, पाण्याच्या पिंपाशी मी उभा होतो, ताई आत बाबांजवळ. त्याच्या हातात रिपोर्ट. माझ्यासमोर उभा राहिला आणि तोंड उघडलं, सर, चिंतेचं कारण... आणि थांबला. परत म्हणाला, सर, चिंतेचं... परत थांबला. त्याच्याजवळ दुसरं वाक्यच नव्हतं हो! कुठून असणार? मी दिलंच नव्हतं. बिचारा घामाघूम झाला. शेवटी रिपोर्ट छातीशी धरून म्हणाला,

"सर, हे वाक्य नको. दुसरं द्या."

आता बघा, तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्ही काय कराल? ओरडाल, भिंतीवर डोकं आपटाल, निदान खाली तरी बसाल. मी काय केलं? मी शिकवायला लागलो! सवय हो, दुसरं काय. म्हटलं, असं म्हण, आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न करू, परंतु दुखणं इतकं पुढे गेलेलं आहे की आता त्यावर... तो निम्म्यात अडकला. मोठं वाक्य होतं. तोडलं. आपल्या बापाचं आहे म्हणून लांब ठेवायचं, असं थोडंच आहे? तीन तुकडे केले. दुखणं खूप वाढलं आहे. ते बरं होणार नाही. त्रास कमी करता येईल. त्याने म्हणून बघितलं. मधल्या वाक्याला त्याचा आवाज वर जात होता, शेवटी, ते बरं होणार नाही? असा. म्हटलं, आवाज खाली ने. प्रश्न नाहीये तो. त्याने खाली नेला. ते बरं होणार नाही. म्हणाला, बरोबर, सर? मी म्हटलं, बरोबर. पुढे शाबास म्हणायची सवय आहे मला, तेवढं आवरलं.

मला वाटलं, सुटलो. पण तो म्हणाला, पेशंटला पण सांगायला हवं, मी सांगतो, आता मला येतं. आणि गेला की आत! मी मागे. ताईने आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि बाबांचा पाय पांघरुणावरून घट्ट धरला. तो पलंगाजवळ उभा राहिला, सरळ, वर्गात उत्तर द्यायला उभा राहायचा तसा, आणि त्याने तिन्ही वाक्यं म्हटली. एक चूक नाही. आवाज खाली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शेजारच्या पलंगावरचा माणूससुद्धा कण्हायचा थांबला. आणि बाबांनी हळूच माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं,

"आता माझं वाक्य काय?"

...

इतकी वर्षं त्यांची वाक्यं मी लिहिलेली, मी कापलेली. एवढं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला हवं ते बोला. मी काही काढणार नाही त्यातलं.

आणि ते बोलायला लागले. तुम्हाला सांगतो, असे बोलले, असे बोलले... की हा पलंग कसला आहे, कूस बदलली की किरकिरतो, आणि ती खिडकी कोणी लावत नाही आणि वारं नेमकं मानेवर, आणि पोटात म्हणाल तर कोणीतरी आत बसून ओले कपडे पिळतंय असं वाटतं, आज नाही, किती दिवस झाले, पण सांगितलं असतं तर तुम्ही मला इथे आणलं असतंत म्हणून नाही सांगितलं, आणि मोरीतला नळ गळतोय तो मी दुरुस्त करणार होतो, चकती आणून ठेवलीय फडताळात, तुला सापडणार नाही, तुला समोर ठेवलेलं सापडत नाही, आणि तुझ्या आईची खुर्ची आहे ना गॅलरीत, तिचा एक पाय हलतो, तिच्यावर पाहुण्यांना बसवू नका, मी बसतो बरोबर तोल सांभाळून, मला जमतं, आणि घरात उजेड कसा हळूहळू जातो संध्याकाळी, इथे बटण दाबून घालवतात, आणि मला भीती वाटते रे, वाटते, नाही असं नाही, पण इथे जास्त वाटते, ह्या उशीला दुसऱ्याचा वास आहे... कुठे थांबणं नाही, कुठे पूर्णविराम नाही. ताई हुंदके द्यायला लागली. मी ऐकत होतो. आणि शब्द न् शब्द कळत होता मला.

थांबले एकदाचे. दम लागला होता, पाणी प्यायले. आणि माझा विद्यार्थी, पेन हातात, वही कोरी, कानकोंडा होऊन माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, सर, मला ह्यातलं काही समजलं नाही, सोपं करून द्याल का?

आता हा तर माझा धंदा! नाही कसं म्हणणार? बाबांकडे बघितलं, ते डोळे मिटून पडले होते. म्हटलं, लिही. घरी जायचंय म्हणतात.

लगेच लिहून घेतलं त्याने. एकसुद्धा शब्द अडला नाही.